दोरीचं दुसरं टोक

मामा,

काल आपल्या तलावात मासळीचं वर्षाचं जाळ पडलं. तू नसताना पडलेलं हे पहिलं जाळ. यंदा पाणी लवकर उतरलं होतं. पाळीवरच्या मोहाच्या झाडाची फुलं कधीच वेचून झाली होती. पलीकडच्या खैरीहून डोमाजी आपली माणसं घेऊन सकाळीच आला आणि पाळीचा बांध चढल्याबरोबर सवयीनं त्यानं हाक मारली, "ओ सोमाभाऊ, झोपला का गा?" मग त्याचा तोच गप्प झाला. मोहाखालून तुझं उत्तर येईल असं मला क्षणभर खरंच वाटलं. "बायकोनं हाकललं वाट्टे, म्हनून इतक्या सकाळी आला!" असलं काहीतरी. शेवटी मीच म्हटलं, "चला, डोमाजी."

काल काय झालं ते मला तुला सांगायचं आहे. पण त्याआधीची एक गोष्ट साडेआठ वर्षं माझ्या पोटात आहे. ती तुला सांगितल्याशिवाय कालचं सांगता येणार नाही.

तू गेल्यापासून लोक मला म्हणतात, मास्तर, सोमाभाऊवर चार ओळी लिहा, तुम्ही बी.ए. आहात. मी काय लिहू? तुझा जन्म कोणत्या साली झाला ते तुलाही माहीत नव्हतं. तू गावच्या मासेमार ढीवरांचा म्होरक्या होतास, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांना माहीत नाही त्यांना त्याचं काय? मी तुला विसरू शकत नाही ते वेगळ्याच गोष्टींसाठी. माझे वडील गेल्यावर आई मला घेऊन तुझ्या घरी आली, तेव्हा भाच्याला डोंग्यात बसवून मासे धरायला शिकवणं तुला सोपं होतं. पण तू मला ब्रह्मपुरीच्या शाळेत घेऊन गेलास. हेडमास्तरांसमोर हात जोडून उभा राहिलास आणि म्हणालास, "गुरुजी, याले जाळ विनता येत नाई. यानं गाठ मारली का सुटते. तुमच्याकडे याचं काई होते का पाहा." हेडमास्तर हसले. मी रडलो. पण माझं काही झालं ते तिथेच झालं. आपल्या घराण्यात पहिला शिकलेला मी. जाळ मला आजही विणता येत नाही.

मी नागपूरला कॉलेजात गेलो तेव्हा तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस. "सुट्टीत येशीन तं पेपर आनजो." मी आठवड्याआठवड्याचे पेपर बांधून आणत असे आणि दुपारी पाळीवर मोहाखाली बसून वाचत असे. तू जाळं दुरुस्त करत ऐकायचास. तुला अक्षर येत नव्हतं, पण जगातलं सगळं राजकारण तुला कळायचं, कारण ते तू आपल्या तलावावर आणून बसवायचास. आपल्या पंतप्रधानांना तू 'दिल्लीवाला' म्हणायचास आणि पाकिस्तानच्या पंतप्रधानांना 'पलीकडचा'. डोमाजीलाही तू 'पलीकडचा'च म्हणायचास. शब्द एकच होता, आणि पुढे जे झालं ते या एका शब्दापासून सुरू झालं, असं मला आता वाटतं.

हे मी तुझ्यासाठी लिहितो आहे, पण दुसरं कोणी वाचील तर त्यालाही कळावं म्हणून दोरीचा रिवाज सांगतो. आपला तलाव दोन गावांमध्ये आहे. अलीकडची पाळ आपली, पलीकडची खैरीची. तुझ्या आजाच्या काळी या तलावातल्या मासळीवरून दोन्ही गावांत डोकी फुटली होती. मग एका वर्षी दोन्हीकडचे म्होरके कमरेइतक्या पाण्यात समोरासमोर उभे राहिले आणि ठरलं, की महाजाळाच्या एका दोरीला हे गाव, दुसऱ्या दोरीला ते गाव. दोन्ही टोकं धरल्याशिवाय जाळ पडणार नाही. याचा कागद झाला नाही, त्यावर कोणाचा अंगठाही नाही. पण तेव्हापासून एकदाही कोणी एकट्यानं जाळ टाकलं नाही. आणखी एक गोष्ट ठरली होती. दोरीला ज्यानं हात लावला त्याला वाटा, मग तो कोणीही असो. वाटा एकदा सुरू झाला की थांबत नाही. माणूस गावी नसेल तर घरचं कोणी त्याच्या नावानं दोरी धरतं. माणूस मेला तर घरचं कोणी त्याच्या नावानं दोरी धरतं आणि पाण्यात सोडून देतं. तेव्हाच वाटा संपतो.

हरिपदनं दोरीला हात लावला तो पन्नास सालच्या उन्हाळ्यात. जंगल खात्याच्या जुन्या डेपोत, आपल्या तलावापासून हाकेच्या अंतरावर, पूर्व बंगालमधून आलेली आठ-दहा कुटुंबं सरकारनं ट्रकनं आणून उतरवली होती. पेपर त्यांना निर्वासित म्हणत होता, गाव बंगाली म्हणत होतं. त्यांना आपली भाषा येत नव्हती. आपल्याला त्यांची येत नव्हती. जाळाच्या दिवशी ते सगळे लांबून पाहत उभे होते. जाळाची खालची कड बुडातल्या कुठल्याशा खुंटाला अडकली. आपली माणसं वेड्यासारखी ओढत होती. तेवढ्यात एक काटकुळा माणूस धोतर खोचून पाण्यात धावत आला, काहीतरी ओरडला, दोरी सैल करायला लावली, बुडी मारली आणि जाळ सोडवून वर आला. मग आपल्या माणसांच्या मध्येच दोरी धरून उभा राहिला. त्याला विचारलं कोणी नव्हतं. जाळ चुकीचं ओढताना त्याला बघवलं नाही, इतकंच.

डोमाजी पलीकडून ओरडला, "हा कोन होय गा? तुमचा का आमचा?"

तू म्हणालास, "दोरीले हात लावला ना त्यानं? मंग इचारतं काऊन?"

"तुमच्या बाजूनं लावला. तुमच्यातून द्या त्याले."

"अन् जाळ तं दोघाईचं सोडवलं. नसंल द्याचं तं नको देऊ बापा. घरी जाऊन सांग, का आमी ओढत राह्यलो अन् मासे बंगाल्यानं धरून देल्ले."

खैरीचीच माणसं आधी हसली. डोमाजीनं आपल्या ढिगातली एक मरळ उचलून हरिपदच्या पायाशी टाकली. ती उचलायला त्याची बायको पुढे आली. सरला. हातात त्यांच्याकडच्या सवाष्णी घालतात तशा शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, डोक्यावरून पदर. तिनं मासा पदरात घेतला आणि तुझ्या पाया पडली. तू इतका लाजलास की तोंड फिरवून पाळ चढून निघून गेलास.

मामा, आता ती गोष्ट.

त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पेपर घेऊन आलो. दुपार होती. मोहाखाली तू होतास, गावची पाच-सहा माणसं होती, आणि हरिपद होता. तो तोवर आपलं निम्मं बोलणं समजू लागला होता. त्याची म्हातारी आई तिकडेच राहिली होती. निघताना ती चालू शकत नव्हती, म्हणून शेजाऱ्याकडे ठेवून आला होता. रोज तो तुझ्याशी तेच बोलायचा. मी वाचू लागलो. दिल्लीत दोन्ही पंतप्रधानांनी करार केला होता तो आपण उन्हाळ्यातच ऐकला होता. आता पेपरात त्याची आठवण दिली होती. जे लोक घरदार सोडून आले आहेत ते वर्षअखेरीपर्यंत परत गेले तर त्यांचं घर, त्यांची जमीन त्यांना परत मिळेल. त्यांच्या जिवाची हमी दोन्ही सरकारांनी घेतली आहे.

"दोघाईनं?" तू विचारलंस.

"दोघांनी."

"संगच?"

"एकाच कागदावर, मामा."

तुझ्या हातातली जाळ्याची सुई थांबली. तू हरिपदकडे वळलास. "मंग तं झालं ना बापा! इकडच्यानं एक टोक धरलं, पलीकडच्यानं एक टोक धरलं. आता कोनी कोनाले दगा नाई देत. जा, अन् मायले घेऊन ये. घर भेटलं तं घर पाह्य, नाई तं इकडे ये. तुहा वाटा इथी हायेच."

हरिपदचा चेहरा मी पाहिला. तुझाही पाहिला. सगळ्यांचे चेहरे उजळले होते. आणि त्याच बातमीच्या खाली एक परिच्छेद होता, तो मी डोळ्यांनी वाचला. परत गेलेल्यांपैकी काही लोक पुन्हा सीमा ओलांडून इकडे येत आहेत, असं त्यात होतं. त्यांच्या घरांत दुसरी माणसं राहत होती. काहींचा रस्त्यातच पत्ता लागत नव्हता. करार पटला नाही म्हणून दिल्लीत दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले होते, हेही मला कॉलेजात कळलेलं होतं.

मी ते वाचलं नाही. अक्षर बारीक होतं असं नाही, उशीर झाला होता असंही नाही. मला दिल्लीवाल्याचा फार अभिमान होता, मामा. नवा देश होता, त्याचा पुढारी शेजाऱ्याला समोर बसवून शब्द घेतो, शब्द देतो, आणि कॉलेजात शिकणारा मी ते माझ्या गावाला वाचून दाखवतो. खालच्या परिच्छेदानं त्याला उणेपणा येईल असं मला वाटलं. त्याला आणि मलाही. मी पेपरची घडी घातली.

तू विचारलंस, "पुढं काय लिवलं हाय?"

मी म्हटलं, "पुढं जाहिराती आहेत."

हे तुला मी कधीच सांगितलं नाही.

हरिपद लगेच निघाला नाही. तीन वेळा तुझ्याकडे आला. "दादा, जाऊ?" असं तीनही वेळा विचारलं, आणि तीनही वेळा तू दोरी धरल्यासारखी मूठ करून दाखवलीस. सरला नको म्हणत होती. आपल्या अंगणात उभी राहून ती मोडक्या हिंदीत तुला म्हणाली, "दादा, पेपर झूट बोला तो?"

तू म्हणालास, "पेपर झूट बोलंल वो बाई. दोन म्होरके कसे बोलतीन?"

मी ओट्यावर बसलो होतो. तेव्हा तरी बोलायचं होतं.

ब्रह्मपुरीच्या स्टेशनवर आपण दोघं त्याला पोचवायला गेलो. तू त्याला वाळलेल्या झिंग्यांची पुरचुंडी दिलीस, आईसाठी. गाडी हलली तसा तू बरोबर चालत गेलास आणि ओरडलास, "जाळाच्या दिवसापोतर येजो!" त्यानं खिडकीतून मूठ करून दाखवली. तुझ्याचसारखी.

कलकत्त्याहून एक पत्र आलं. ते बंगालीत होतं, पण सरलाला अक्षर येत नव्हतं, म्हणून स्टेशनवरच्या एका बंगाली बाबूकडून वाचून घेतलं. त्यात होतं, उद्या सीमेपलीकडे जातो, सोबत बरीच माणसं आहेत, काळजी करू नये. त्यानंतर काही नाही. पुढच्या जाळाच्या दिवशी त्याच्या जागी सरला पाण्यात उतरली आणि तिनं त्याच्या नावानं दोरी धरली. तू तिचा वाटा स्वतःच्या हातानं काढलास, आणि त्यात सगळ्यांत मोठा मासा टाकलास. त्या दिवशी तू एकाही माणसाशी चेष्टेत बोलला नाहीस.

मग आपण काय काय केलं! मी इंग्रजीत अर्ज लिहिले. तू चांद्याच्या जिल्हा कचेरीत दोन-दोन दिवस बसलास. दोन वर्षांनी त्या सीमेवर पासपोर्ट सुरू झाले. तेव्हा तू मला विचारलंस, की आपल्याच घरून आपल्याच बायकोकडे यायला फोटोचा कागद लागतो काय? मी हो म्हटलं. मग आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि कचेरीत गेलो तर कोणी सांगेना, की सरलाचा अर्ज नव्या राज्यात आला की जुन्यातच राहिला. "आपन हाललो का गा?" तू त्या कारकुनाला विचारलंस. "तलाव तं इथीच हाय. गाव इथीच हाय. मंग कागदच काऊन चालत गेला?" तो कारकून चांगला होता. त्यानं आपल्याला चहा पाजला. त्याच्याही हाती काही नव्हतं.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी तोवर बी.ए. होऊन ब्रह्मपुरीच्या हायस्कुलात मास्तर झालो होतो आणि माझा अभिमान उलटा फिरला होता. मी म्हणायचो, ज्याची हमी आपल्या हाती नाही त्याची हमी पंतप्रधानानं द्यावी कशाला? पलीकडचं सरकार पाळील की नाही हे त्याला माहीत नव्हतं. त्या शब्दावर माणसं परत गेली. यात पुढारीपण कसलं?

तू म्हणायचास, "त्याच्या हाती एकच टोक होतं गा."

"मग त्यानं दोन्ही टोकांचा शब्द द्यायचा नव्हता."

"एका टोकवाल्यानं आधी शब्द देल्ला नाई, तं जाळ कधीच पडत नाई. माह्या आजानंबी आधी देल्ला होता. डोमाजीच्या आजानं पाळला म्हनून आपन खाऊन राह्यलो. नसता पाळला, तं तू माह्या आजालेबी अशाच शिव्या देल्ल्या असत्या."

"आणि हरिपद?"

यावर तू खाली पाहून जाळ्याची सुई चालवू लागायचास. एकदा मात्र तू चिडलास. म्हणालास, "बी.ए. झाला, पन पान्यात कधी उभा नाई राह्यला तू. काठावरून सांगतं." मला ते फार लागलं. मी सहा महिने तुझ्याकडे आलो नाही. मामा, मला ते लागलं ते तू म्हणालास त्यासाठी नव्हे. दिल्लीवाल्याला मी जितक्या शिव्या देत होतो, त्यातल्या निम्म्या मी न वाचलेल्या त्या परिच्छेदाच्या होत्या. त्या मी दुसऱ्याच्या अंगावर टाकत होतो. तुझं म्हणणं खरं की माझं, हे मला अजून ठरवता येत नाही. शेजाऱ्यांमध्ये एकानं आधी हात पुढे केल्याशिवाय काही होत नसेल, तर तो हात पुढे करणाऱ्याला दोष कसा द्यायचा? आणि त्या हाताच्या भरवशावर जो गेला त्याला काय सांगायचं? तू असतास तर मी पुन्हा भांडलो असतो.

शेवटच्या आठवड्यात मी तुझ्याजवळ होतो. ताप उतरत नव्हता. दुपारी आई बाहेर गेली असताना तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "मी त्याले जा म्हटलं." तू पुन्हा म्हणालास, "ते तीन डाव इचाराले आला. तिनी डाव मी जा म्हटलं." त्या वेळी माझं तोंड उघडलं होतं. मामा, तू एकटा नव्हतास, मी खालचं वाचलं नाही, तू ते ऐकलं असतंस तर मूठ करून दाखवली नसतीस. एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "पाणी पी, मामा." तू पाणी प्यालास. दोन दिवसांनी तू गेलास, आणि ते सगळं एकट्याच्या डोक्यावर घेऊन गेलास.

तुझ्या तेराव्याला लोक जेवून मोहाखाली बसले होते. कोणीतरी ब्रह्मपुरीहून पेपर आणला होता, तो माझ्या हातात दिला. तिबेटातून माणसं डोंगर उतरून आपल्याकडे येत आहेत. त्यांच्या मुख्य धर्मगुरूलाही आपल्या पंतप्रधानांनी आश्रय दिला आहे. उत्तरेकडचा मोठा शेजारी रागावला आहे. बाकीचे लहान शेजारी काय करतात, कोणाच्या बाजूनं बोलतात, याकडे सगळे पाहत आहेत. बहुतेक गप्प आहेत. आपले पंतप्रधान म्हणतात, आलेल्यांना आम्ही ठेवून घेऊ, आणि शेजाऱ्याशी मैत्रीही ठेवू.

डोमाजीनं विचारलं, "मंग याईलेबी परत जा म्हनतीन का, मास्तर?"

मी म्हटलं, "वाचतो." आणि मी वाचत गेलो. बातमी, खालची बातमी, तिच्या खालची. संसदेत कोण काय बोललं, सीमेवर काय दिसलं, कुठे अफवा आहे. अर्धे लोक उठून गेले. मी जाहिरातीही वाचल्या. शेवटच्या पानावरचं छापखान्याचं नाव वाचलं तेव्हा डोमाजी म्हणाला, "पुरे कर ना गा! तेरावी होय का शाळा?" मला थांबता येत नव्हतं. सरला लांब पाळीवर उभी होती. सगळं झाल्यावर तिनं एकच विचारलं. नऊ वर्षांत ती आपल्यासारखंच बोलायला लागली आहे. "या लोकाईच्या म्हाताऱ्या माया मांगं राह्यल्या का, मास्तर?"

पेपरात ते लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर आठ दिवसांत डेपोवर हुकूम आला. तिथे आता सरलाचं आणि आणखी तीनच घरं उरली आहेत. त्यांना दंडकारण्यातल्या नव्या वसाहतीत न्यायचं आहे. जमीन मिळेल, घर मिळेल, ट्रक पावसाळ्याआधी येईल. सरकारचं काही चुकतं आहे असं मी म्हणू शकत नाही. बाकीची घरं खूश आहेत. सरला नाही म्हणते. "ते आले तं मले कुठी पाह्यतीन? त्याईले हाच तलाव माहीत हाय." मी चांद्याला गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, यादी वरून आली आहे, डेपो रिकामा करून द्यायचा आहे. मी दिल्लीला थेट पंतप्रधानांच्या नावानं अर्ज पाठवला. मामा, मी त्यांच्यावर इतका रागावलेलो आणि शेवटी अर्ज त्यांनाच लिहिला. उत्तर अजून नाही. त्यांच्यासमोर सध्या हिमालयाइतकी माणसं उभी आहेत. त्यात आपल्या तलावाकाठची एक बाई.

परवा दुपारी मी सरलाच्या झोपडीत गेलो. ती सामान बांधत नव्हती, तांदूळ निवडत होती. मी दारातच बसलो आणि तिला सगळं सांगितलं. खालचा परिच्छेद सांगितला. तिनं हात थांबवला नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, "मले वाचून दाखव."

"तो पेपर आता नाही, बाई."

"पाठ असंल तुले."

पाठ होता. साडेआठ वर्षं पाठच आहे. मी तो शब्दन् शब्द म्हणून दाखवला, शाळेत मुलांकडून म्हणवून घेतो तसा. तिनं ऐकला. मग विचारलं, "हे त्या दिवशी दादानं ऐकलं असतं, तं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

तिनं सूप उचललं आणि आत गेली. मी बराच वेळ बसलो. ती बाहेर आली नाही. तिनं मला माफ केलं असं मी तुला सांगू शकत नाही.

आता कालचं. दोन्ही गावं पाण्यात उतरली. तुला मूल नाही, म्हणून तुझ्या नावाची दोरी मला धरायची होती. मी धोतर खोचून उतरलो. डोमाजी पलीकडून म्हणाला, "मास्तर, सांभाळून, बुडशीन!" आणि लगेच चेहरा दुसरीकडे वळवला. पाणी माझ्या कमरेला लागलं. दोरी ओली, जाड, शेवाळाची. मी ती दोन्ही हातांनी धरली, तुझं नाव घेतलं आणि सोडली. ती पाण्यात पडली. एवढंच असतं. एवढ्यानं तुझा वाटा संपला.

जाळ ओढायला सुरुवात होणार तेवढ्यात सरला पाण्यात उतरली. सगळे पाहत राहिले, कारण सगळ्यांना ट्रकचं माहीत होतं. ती आपल्या नेहमीच्या जागी आली, हरिपदच्या नावानं दोरी धरली. मला वाटलं, आता सोडते. गेली आठ वर्षं दर वर्षी मला तेच वाटायचं, आणि दर वर्षी तिनं सोडली नाही. तिच्या हातातली एक शंखाची बांगडी तडकली आहे, ती तिनं दोऱ्यानं बांधली आहे. तीच मला दिसत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मास्तर, इकडे ये."

मी गेलो. तिनं माझा हात धरला, दोरीवर ठेवला, वरून आपली मूठ दाबली आणि मग आपला हात काढून घेतला.

"तू धर," ती म्हणाली. "ते येईपोतर सोडजो नको."

कोणीही हसलं नाही. डोमाजीनं पलीकडून हाक दिली, दोन्ही बाजूंनी दोरी ताणली, आणि ओढताना माझे हात सोलून निघाले. वाटणीच्या वेळी डोमाजीनं स्वतः हरिपदचा वाटा वेगळा काढून माझ्यासमोर ठेवला. मी तो सरलाकडे नेला. तिनं घेतला आणि चूल पेटवली.

ट्रक कधी येणार ते माहीत नाही. हाताचे फोड अजून ओले आहेत, म्हणून अक्षर वाकडं येत आहे. मामा, तुझी दोरी मी सोडली. त्याची धरली आहे.